घराणं जुनं, संस्थान नवं

 

आजचा विषय आहे संस्थानांचा. इंग्रजी अमलात आपल्या देशात साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. ती आली कुठून? त्यांची राजघराणी गादीवर कशी बसली? काही टिकली आणि काही बुडाली, ती का? हे आज बघायचं आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पदवी घेतली, फौजेत गेलो, उमेदीची सगळी वर्षं तिथं काढली. त्यामुळे जुना कागद वाचण्याची माझी पद्धत थोडी फौजी आहे. तह असो की सनद, मी आधी तारीख बघतो. मग नकाशा काढतो आणि त्या दिवशी कोणाची फौज कुठं उभी होती ते लावून बघतो. बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथंच होतो.

आपल्या श्रोत्यांमध्ये कोल्हापूर-सांगलीचे लोक आहेत, बडोद्याचे आहेत, इंदूर-ग्वाल्हेर-देवासचे आहेत, तंजावरी मराठी बोलणारे आहेत आणि माझ्यासारखे कर्नाटकात राहणारेही आहेत. प्रत्येकाच्या गावात एक वाडा, एक छत्री, एक तोफ असते आणि त्याबरोबर एक गोष्ट असते. ती गोष्ट सहसा दोनच प्रकारची असते. एक म्हणजे, आमचे राजे पिढ्यान् पिढ्या स्वतंत्र होते, तलवारीच्या बळावर राज्य केलं. दुसरी म्हणजे, हे सगळे इंग्रजांनी बसवलेले बाहुले. दोन्ही बाजू जोरात भांडतात. माझं म्हणणं असं की, घराणं आणि संस्थान या दोन गोष्टी वेगळ्या धरा, म्हणजे हे भांडण निम्मं मिटेल. घराणी बहुतेक जुनीच होती आणि त्यांनी तलवार खरोखर चालवली होती. पण संस्थान, म्हणजे ठरावीक सीमांचा मुलूख, एक मान्य गादी आणि वरच्या सत्तेनं दिलेली हमी, ही चीज बहुतेक ठिकाणी १७९९ ते १८२० या वीस-एकवीस वर्षांतली आहे. ती कागदावर जन्मली. त्या कागदाला किंमत काय पडली, हा आजचा खरा विषय.

१७९९ : एकाला राज्य मिळालं, दुसऱ्यानं लिहून दिलं

सुरुवात मी राहतो त्या शहरापासून करतो. विजापूरच्या आदिलशाहीच्या वतीनं रणदुल्लाखानानं १६३८ च्या सुमारास केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, बेंगळुरूहून तंजावरला गेले आणि १६७० च्या दशकात तिथं भोसल्यांची गादी बसली. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळुरू घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना ते विकलं. म्हणजे तंजावरचे भोसले आणि म्हैसूरचे वोडेयर ही दोन्ही घराणी इंग्रजांच्या किती तरी आधीची. इथपर्यंत सगळा तलवारीचा आणि पैशाचा मामला आहे.

आता एकदम १७९९ वर या. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. कंपनीच्या हातात सगळा मुलूख आला. मग त्यांनी तो सगळाच का ठेवून घेतला नाही? कारण लढाईत निजाम त्यांच्या बरोबर होता. सगळं वाटून घ्यायचं म्हटलं तर निजामालाही तितकाच मोठा वाटा द्यावा लागला असता आणि तो डोईजड झाला असता. शिवाय शेजारी पेशवे होतेच. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी त्यावर असा तोडगा काढला की, कडेचा मुलूख कंपनी आणि निजाम यांनी घ्यायचा आणि मधल्या भागात वोडेयरांचं राज्य उभं करायचं. हैदर-टिपूच्या काळात वोडेयर नावापुरते उरले होते. राणी लक्ष्मम्मण्णी मात्र गप्प बसल्या नव्हत्या, मद्रासला कंपनीशी त्यांचं संधान बरीच वर्षं चालू होतं. पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयरांना जून १७९९ मध्ये गादीवर बसवलं. दिवाण म्हणून पूर्णय्या आले, म्हणजे टिपूचेच कारभारी.

जुलैमध्ये तह झाला. तैनाती फौजेसाठी दरसाल सात लाख होन द्यायचे आणि हा पैसा धोक्यात आहे असं वाटलं तर कंपनी कारभार हातात घेऊ शकते, असं कलम. फौजेत आम्ही म्हणायचो की हुकमाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचावा, खरी गोम तिथं असते. या कलमाचं तसंच झालं. बत्तीस वर्षांनी, १८३१ मध्ये, तेच कलम काढून कंपनीनं म्हैसूरचा कारभार काढून घेतला, तो पन्नास वर्षांनी १८८१ मध्ये परत केला.

आणि तंजावर? त्याच १७९९ सालात तंजावरच्या सरफोजीराजांनी तहावर सही करून राज्याचा कारभार कंपनीकडे दिला. त्यांच्याकडे किल्ला, वाडा, मानमरातब आणि उत्पन्नातला वाटा एवढं उरलं. सरफोजींनी त्यात सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, हे त्यांचं मोठं काम. पण राज्य असं उरलं नाही. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे औरस मुलगा मागं न ठेवता वारले आणि उरलेली गादीही कंपनीनं संपवली.

बघा, एकाच वर्षी, एकाच कंपनीनं, एका घराण्याला राज्य काढून दिलं आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं. दोन्ही घराण्यांच्या पराक्रमाची तुलना करून याचं उत्तर मिळत नाही. म्हैसूरला निजाम आणि पेशवे यांच्यामध्ये एक भिंत हवी होती. तंजावरच्या चारी बाजूंना कंपनीचाच जोर होता, तिथं भिंतीची गरज नव्हती.

संडूर : घेतलं पेशव्यांसाठी, परत दिलं पेशव्यांमुळे

आता म्हैसूरच्या उत्तरेला चला, बळ्ळारी जिल्ह्यात. तिथं संडूर नावाचं गाव आहे. चारी बाजूंनी डोंगर, आत खोरं, आत जायला खिंडी. आज तिथल्या लोखंडाच्या आणि मँगनीजच्या खाणींमुळे नाव ऐकू येतं. हे संस्थान जेमतेम दीडशे-पावणेदोनशे चौरस मैलांचं, पण संस्थान कसं जन्मतं हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसलं नाही.

घराणं घोरपड्यांचं. सेनापती संताजी घोरपड्यांचे बंधू बहिर्जी हिंदुराव, त्यांची ही शाखा. बहिर्जींचे पुत्र सिधोजी यांनी १७२८ च्या सुमारास हे खोरं तिथल्या बेडर पाळेगाराकडून जिंकलं. सिधोजींचे पुत्र म्हणजे गुत्तीचे मुरारराव घोरपडे. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांना फार जागा मिळाली नाही, पण दक्षिणेत अठराव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या घोडदळाला मागणी होती. त्रिचनापल्ली त्यांच्या ताब्यात होती. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात क्लाईव्ह अडकला होता, तेव्हा मुराररावांची फौज मदतीला येते आहे ही बातमी तिथं मोठी ठरली. अशा माणसाला हैदरअलीनं १७७६ मध्ये गुत्ती घेऊन कैद केलं. ते कब्बाळदुर्गच्या किल्ल्यात कैदेतच वारले. संडूरही हैदरकडे गेलं.

पुढं मुराररावांचे दत्तक पुत्र शिवराव हे संडूर परत घेण्याच्या खटपटीत १७८५ मध्ये लढाईत पडले. त्यांचा मुलगा सिधोजी तेव्हा दोन वर्षांचा. त्याच्या चुलत्यांनी, व्यंकटरावांनी, १७९० मध्ये टिपूचं लक्ष इंग्रजांच्या लढाईत गुंतलेलं असताना खोरं पुन्हा ताब्यात घेतलं. सिधोजी तेराव्या वर्षी वारला. त्याच्या विधवेनं आणखी एक शिवराव दत्तक घेतले.

इथं पेच सुरू होतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचं म्हणणं, संडूर आमच्या हुकमतीतलं. त्यांनी ते शिंद्यांच्या फौजेतल्या यशवंतराव घोरपड्यांना देऊन टाकलं होतं. शिवराव म्हणाले, सोडत नाही. १८१५ मध्ये बाजीराव कुमारस्वामीच्या यात्रेचं निमित्त करून फौजेसह आले. संडूरच्या डोंगरात कुमारस्वामीचं, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचं, फार जुनं देऊळ आहे. शिवरावांनी खिंडी अडवल्या आणि पेशव्यांना मोजक्या माणसांसह देवदर्शनापुरतं आत येऊ दिलं. लहान तुकडीनं मोठ्या फौजेला कसं रोखावं याचा हा धडा आहे. डोंगर ज्याच्या बाजूला, वेळ त्याच्या बाजूला.

बाजीरावांनी मग वसईच्या तहाकडे बोट दाखवलं. १८०२ च्या त्या तहानं कंपनी पेशव्यांना मदत द्यायला बांधली गेली होती. ते म्हणाले, संडूर मला घेऊन द्या. कंपनीनं कर्नल टॉमस मन्रो यांना पाठवलं. ऑक्टोबर १८१७ मध्ये मन्रो धारवाडकडून चालून आले. कंपनीच्या फौजेपुढं लढण्यात अर्थ नाही हे शिवरावांना कळलं आणि त्यांनी खोरं सोपवलं. बदल्यात दुसरीकडे सालीना दहा हजारांची जहागीर ठरली.

आता तारखा बघा. संडूर सोपवलं ऑक्टोबर १८१७ मध्ये. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याला खडकीची लढाई झाली आणि पेशवे कंपनीचे शत्रू झाले. ज्यांच्यासाठी संडूर काढून घेतलं तेच शत्रू झाल्यावर ते त्यांना देण्याचा प्रश्न उरला नाही. मन्रोंच्या शिफारशीवरून १८१८ मध्ये संडूर शिवरावांना परत मिळालं आणि १८२६ मध्ये मद्रास सरकारनं रीतसर सनद दिली.

त्या दिवसापासून संडूर हे 'संस्थान'. त्याआधी नव्वद वर्षं ते घोरपड्यांचं घर होतं. त्यासाठी माणसं मेली, कैदेत सडली, मुलं पोरकी झाली. पण जग ज्याला संडूर संस्थान म्हणून ओळखतं त्याची जन्मतारीख त्या सनदेवर आहे. आणि ती सनद मिळाली याचं कारण शिवराव शूर होते एवढंच नाही. खडकीची लढाई वर्षभर उशिरा झाली असती तर शिवराव कुठल्या तरी जहागिरीच्या गावात वारले असते आणि आज संडूरच्या वाड्यावर दुसरंच नाव दिसलं असतं.

दोन महिन्यांची मुदत

मोठ्या पटावर हेच दक्षिण महाराष्ट्रात घडलं. पटवर्धन, नरगुंद-रामदुर्गचे भावे, मुधोळचे घोरपडे, हे पेशवाईच्या काळात 'संस्थानिक' नव्हते. बहुतेक सरंजामदार होते. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख. इतके घोडेस्वार ठेवा, बोलावणं आलं की हजर व्हा, त्याचा खर्च या गावांतून भागवा. मालक पेशवा, सरंजामदार चाकरीत.

बाजीरावांचं आणि या सरदारांचं पटेना, तेव्हा १८१२ मध्ये एल्फिन्स्टन यांनी पंढरपूरला मध्यस्थी केली. सरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी, पेशव्यांनी त्यांचे सरंजाम काढू नयेत, हमी कंपनीची. वरवर हे भांडण मिटवणं दिसतं. पण नोकराच्या नोकरीची हमी शेजाऱ्यानं दिली की नोकर हळूहळू शेजाऱ्याकडे बघायला लागतो. पाच वर्षांनी लढाई आली तेव्हा ती हमी कामाला आली.

फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टन यांनी साताऱ्याहून जाहीरनामा काढला. जे जहागीरदार दोन महिन्यांच्या आत पेशव्यांची बाजू सोडतील त्यांचा मुलूख राहील, जे सोडणार नाहीत त्यांचा जाईल. मुदत देऊन फितवण्याचा हा डाव जगातल्या सगळ्या फौजांना माहीत आहे आणि तो बहुधा चालतो. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. बाकीच्यांना निर्णय घ्यायला फार वेळ लागला नाही. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. पण फौजेचा पगार थकलेला, धनी पळतीवर, घरी बायकामुलं, आणि समोर लेखी हमी. अशा वेळी माणसं काय करतात हे लढाईत राहिलेला माणूस फार ताणून बोलत नाही.

सप्टेंबर १८१९ मध्ये साताऱ्याशी तह झाला. नीरा आणि भीमेपासून वारणा-कृष्णेपर्यंत, सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरकडे, असा मुलूख छत्रपतींना दिला. शिवाजी महाराजांची गादी, पण सीमा कंपनीनं आखलेल्या. छत्रपतींच्या हाताखाली अक्कलकोट, औंध, भोर, फलटण, जत हे जहागीरदार. त्यांच्याशी कंपनीनं वेगळे करार करून त्यांनाही हमी दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्याच सुमारास सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशी करार झाला. १८२० मध्ये मिरजेचे चार भाग झाले. मिरजेची थोरली पाती, धाकटी पाती असं आपण म्हणतो, त्या उरलेल्या दोन. बाकीचे दोन भाग पुढं वारस नाही म्हणून कंपनीनं घेतले. तासगावचंही तसंच झालं. एका घरातल्या भाऊबंदकीतून अर्धा डझन 'राज्यं' झाली आणि त्यातली काही एकेक मृत्यूबरोबर पुसली गेली.

हमीची किंमत

आता तो कागद समोर ठेवू. भाषा वेगवेगळी, पण मागणं तीनच. पहिलं, फौज. तुमचे घोडेस्वार कमी करा, त्याऐवजी रोख रक्कम किंवा मुलूख द्या, रक्षण आम्ही करू. दुसरं, पत्रव्यवहार. बाहेरच्या कोणाशीही आमच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही. तिसरं मागणं बऱ्याच सनदांमध्ये स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं आणि तेच सर्वांत घातक ठरलं. तुमच्यानंतर गादीवर कोण, हे कोण ठरवणार?

दुसऱ्या कलमानं प्रतापसिंह छत्रपती गेले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी आणि इतरांशी कट केल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांच्या बाजूनं रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं दाद मागत राहिले. मिळाली नाही.

तिसऱ्या प्रश्नानं साताराच गेला. प्रतापसिंहांचे बंधू आप्पासाहेब छत्रपती ५ एप्रिल १८४८ ला वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनीच्याच काही अधिकाऱ्यांचं मत होतं की दत्तक मान्य करावा. डलहौसींनी तो नाकारला आणि सातारा खालसा झालं.

आणि आता मघाची ती गोष्ट. छत्रपतींची गादी गेली, पण औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट राहिले. का? त्यांच्याकडे कंपनीच्या हमीचे वेगळे करार होते. धन्याचं राज्य बुडालं आणि चाकरांची संस्थानं १९४८ पर्यंत चालली. पराक्रमाच्या मापानं हे कधीच समजणार नाही. कागदाच्या मापानं लगेच समजतं.

दोन भाऊ, दोन कागद

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट नरगुंदची आहे. हुबळीच्या ईशान्येला, सपाट काळ्या जमिनीत एकदम उभा राहिलेला डोंगर, वर किल्ला. घराणं कोकणातून आलेल्या भाव्यांचं. १७८५ मध्ये टिपूनं नरगुंद घेतलं, व्यंकटराव भावे कैदेत गेले. टिपूचा पाडाव झाल्यावर मुलूख परत आला. १८१० मध्ये पेशव्यांनी घराण्याच्या दोन शाखांत वाटणी करून दिली, नरगुंद आणि रामदुर्ग. १८१८ नंतर कंपनीनं दोन्ही कायम ठेवली.

१८५७ मध्ये नरगुंदच्या गादीवर भास्करराव, म्हणजे बाबासाहेब भावे होते. त्यांना मुलगा नव्हता. दत्तकाची परवानगी मागितली, नाकारली गेली. म्हणजे आपण मेलो की नरगुंद संपलं, हे त्यांना जिवंतपणीच कळवलेलं होतं. रामदुर्गच्या गादीवर त्यांचे सावत्र भाऊ होते.

मे १८५८ मध्ये चार्ल्स मॅन्सन हा पोलिटिकल एजंट रामदुर्गला आला. रामदुर्गकरांनी त्याला नरगुंदच्या वाटेनं जाऊ नका असं सांगितलं. तो निघालाच. २९ मेच्या रात्री सुरेबानला मुक्कामात बाबासाहेबांच्या माणसांनी त्याला मारलं. त्याचं शीर नरगुंदच्या वेशीवर लावलं गेलं. दोन-तीन दिवसांत कंपनीची फौज नरगुंदला पोचली. शहर पडलं, किल्ला रिकामा सापडला. बाबासाहेब रानात पकडले गेले आणि १२ जून १८५८ ला बेळगावला त्यांना फाशी दिलं. मॅन्सनच्या मृत्यूपासून फाशीपर्यंत अवघे चौदा दिवस. बाबासाहेबांच्या आई आणि पत्नी यांचे देह मलप्रभा नदीत सापडले.

रामदुर्ग १९४८ पर्यंत चाललं.

एका भावाला आपण हुतात्मा म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणायचं? मी गद्दार म्हणणार नाही. रामदुर्गकरांनी पाहुणा वाचवण्याचा प्रयत्न केला आणि आपली प्रजा लुटीतून वाचवली. बाबासाहेबांकडे गमावण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, ते आधीच कागदावर मेले होते. सैनिक म्हणून मी नरगुंदच्या त्या योजनेत दोष काढू शकतो. बाहेरून कुमक नव्हती, किल्ला लढवण्याइतकी माणसं नव्हती. पण त्यांना त्या टोकाला ढकललं ते दत्तकाच्या नकारानं, हे विसरता येत नाही.

दत्तक आले आणि चित्र बदललं

१८५७ च्या उठावातून इंग्रज सरकार हेच शिकलं. कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्यातल्या बऱ्याच १८६२ च्या. औरस वारस नसेल तर धर्मशास्त्र आणि घराण्याची रीत यांप्रमाणे दत्तक घ्या, आम्ही मानू. अट एकच, राणीशी निष्ठा आणि तहाची कलमं पाळणं.

परिणाम बघा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला, ते सयाजीराव गायकवाड. कागलच्या घाटग्यांचा एक मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला, ते शाहू महाराज. म्हैसूरला १८८१ मध्ये राज्य परत मिळालं ते चामराजेंद्र वोडेयर, तेही दत्तक. डलहौसींचंच धोरण चालू राहिलं असतं तर सक्तीचं शिक्षण देणारं बडोदा आणि वसतिगृहं उभारणारं कोल्हापूर यांचं काय झालं असतं, याचा विचार करा. रक्ताचा वारस हा राजाच्या लायकीचा पुरावा नाही, हे या तीन दत्तकांनी दाखवून दिलं.

अर्थात सगळे संस्थानिक सयाजीराव नव्हते. हमी मिळाली की जबाबदारी सुटते. प्रजा नाराज झाली तरी उठाव करू शकत नाही, कारण बाहेर इंग्रजांची फौज उभी आहे, हे राजाला माहीत असतं. जुन्या काळी वाईट राजाला शेजाऱ्याची आणि स्वतःच्या सरदारांची भीती होती. सनदेनं ती भीती काढून घेतली. त्याचे चटके प्रजेनं सोसले, आणि म्हणूनच पुढं प्रजा परिषदा निघाल्या.

शेवट आपल्याला माहीत आहे. मार्च १९४८ मध्ये सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबईत आणि संडूर मद्रासमध्ये गेलं. १९५३ मध्ये संडूर म्हैसूर राज्यात आलं, १९५६ मध्ये मुधोळ, जमखंडी, रामदुर्गही आले. १९७१ मध्ये तनखे आणि मान्यता दोन्ही संपले. कागदानं दिलेलं कागदानंच गेलं, आणि या वेळी तो कागद आपल्याच संसदेचा होता.

मग आज याचं काय करायचं? माझी दोन मागणी आहेत. आपल्या गावच्या संस्थानाबद्दल कोणी अभिमानानं किंवा रागानं बोललं तर तीन प्रश्न विचारा. सनद कोणत्या तारखेची? त्या दिवशी बाजूला कोणाची फौज होती? आणि वारस ठरवण्याचा हक्क कोणाकडे होता? या तीन उत्तरांनंतर जो अभिमान उरेल तो खरा, आणि जो राग उरेल तोही खरा.

दुसरं मागणं घरातल्या पेट्यांबद्दल. बेळगाव, धारवाड, बळ्ळारी, तंजावर, बडोदा, इंदूर, आपल्या कितीतरी घरांत अजून मोडी कागद आहेत. खुद्द टिपूच्या काळात म्हैसूरच्या दफ्तरात कानडी आणि फारसीबरोबर मराठीत हिशेब लिहिले जात. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून हे कागद रद्दीत जातात. ते एखाद्या मोडी वाचकाला किंवा जवळच्या पुराभिलेखागाराला दाखवा. त्यात राजांची नावं नसतील कदाचित. कोणत्या गावानं किती घोडे पुरवले, कोणाचा सरंजाम कधी तोडला, कोणाच्या विधवेला काय मिळालं, हे असेल. संस्थानांचा इतिहास वाड्यावरच्या पाटीपेक्षा त्या कागदात जास्त आहे.

आज इथंच थांबतो. जय हिंद.